धुराने भरलेली खोली : डॉ. आनंदीबाई जोशी

आनंदीबाई जोशी हे नाव आपल्यापैकी कुणालाही नवे नाही. शाळेच्या पुस्तकात त्या भेटतात, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ च्या कादंबरीतून त्या घरोघर पोचल्या. पुढे रंगभूमीने आणि चित्रपटानेही त्यांची कथा सांगितली. लहान वयात लग्न, विक्षिप्त पण जिद्दी नवरा, एकटीने केलेला सातासमुद्रांचा प्रवास, अमेरिकेतली डॉक्टरकीची पदवी आणि एकविसाव्या वर्षी आलेला मृत्यू, हा क्रम आपल्याला पाठ असतो. परंतु या चरित्रात एक लहानशी बाब आहे, तिच्यावरून आपली नजर सहज घसरून जाते. फिलाडेल्फियात आनंदीबाई ज्या खोलीत राहत, त्या खोलीतली शेकोटीची जागा नीट नव्हती. ती पेटवली की खोली धुराने भरे, न पेटवली तर थंडीने हातपाय गारठत. धूर सोसायचा की थंडी सोसायची, एवढीच निवड त्यांच्या हाती होती.

ज्या मुलीने समाजाचा विरोध, समुद्र आणि परकी भाषा यांना हार दिली नाही, तिला आपल्याच खोलीतल्या हवेशी रोज झगडावे लागले. आनंदीबाईंचे चरित्र या बाजूनेही वाचण्यासारखे आहे. नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते मुद्दाम वाचायला हवे. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईलच.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळचे सधन, पण पुढे ओढग्रस्तीला आलेले. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, पोस्टखात्यात नोकरीला, बिजवर, आणि बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्न ठरवताना त्यांची अट एकच होती, की बायकोला शिकवू द्यावे. हुंडा मागणारे नवरे त्या काळी पुष्कळ होते. शिक्षण मागणारा हा नवरा लोकांना वेडाच वाटला असणार.

गोपाळरावांचा स्वभाव विलक्षण तापट होता. आनंदी अभ्यास टाकून स्वयंपाकघरात रमलेली दिसली की ते संतापत, प्रसंगी हातही उगारत, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या या वागण्याचे समर्थन कुणी करू नये. मात्र ज्या काळात मुलीची जागा चुलीपुढे ठरलेली होती, त्या काळात हा गृहस्थ तिला चुलीपुढून उठवून पुस्तकापुढे बसवत होता, हेही तितकेच खरे आहे. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि त्या प्रत्येक ठिकाणी आनंदीबाईंचे शिक्षण चालू राहिले.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही सल आनंदीबाईंच्या मनात कायमची राहिली आणि डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे मूळ तिथेच रुजले. त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीची कल्पना आजच्या विद्यार्थिनींना येणे कठीण आहे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, तेलाच्या दिव्याची काजळी, आणि त्या सगळ्यात एक कोवळी आई व तिचे कोवळे मूल, असा तो रिवाज होता. हेतू चांगला होता. बाळ-बाळंतिणीला ऊब मिळावी एवढाच. परंतु ज्या फुप्फुसांनी नुकताच श्वास घ्यायला सुरुवात केली, त्यांच्या वाट्याला पहिली हवा येई ती धुराची. पुढे अमेरिकेत आनंदीबाईंनी पदवीच्या प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा. स्वतः त्या खोलीतून गेलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, यात नवल नाही.

आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते पत्र वाइल्डरसाहेबांनी आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या ते वाचनात आले. एका अनोळखी मुलीच्या ध्यासाने त्या हेलावल्या आणि त्यांनी स्वतः होऊन पत्र धाडले. पत्रांतूनच स्नेह जुळला आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींना न पाहिलेल्या या मावशी-भाचीचे नाते रक्ताच्या नात्याहून घट्ट ठरले.

कलकत्त्याला असतानाच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधून मधून ताप आणि कधी कधी धाप. कार्पेंटरमावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. तरीही बेत बदलला नाही. एकट्या विवाहित हिंदू स्त्रीने परदेशी जावे, हे लोकांना रुचणारे नव्हते. टीकेचा भडिमार झाला. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या (बंगालमधील) महाविद्यालयात जाहीर सभेपुढे उभे राहून अठरावे वर्ष पुरे व्हायच्या बेतात असलेल्या या मुलीने आपण का जात आहोत ते सांगितले. पुरुष डॉक्टरपुढे येण्यास संकोचणाऱ्या या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, आणि आपण जशा हिंदू म्हणून जात आहोत तशाच हिंदू म्हणून परत येऊ, असा त्या भाषणाचा आशय होता. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. उतरवून घ्यायला मावशी बंदरावर हजर होत्या.

त्या वर्षी पानगळीच्या सुमारास त्या फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत दाखल झाल्या. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठी १८५० साली निघालेली ही संस्था. तिच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि आनंदीबाईंवर त्यांचा विशेष लोभ होता. अभ्यास कडक, हवा त्याहून कडक. अंगावर नऊवारी लुगडे, आहार शाकाहारी, आणि बाहेर हाडे गोठवणारा हिवाळा. या सगळ्याच्या जोडीला ती धुराने भरणारी खोली.

अशी शेकोटी धूर का करते, हे जाता जाता समजून घेऊ. तापलेली हवा हलकी होते आणि धुराड्यातून वर चढते. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा यावी लागते. धुराड्यात काजळी साचून वाट अरुंद झाली, धुराड्याची उंची अपुरी असली, किंवा थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट लावून हवेचा शिरकावच बंद केला, की ही ओढ तुटते. मग वर जायचा तो धूर उलटा खोलीत पसरतो. लाकूड ओले असेल तर भरच पडते. खिडकी उघडावी तर ऊब जाते, न उघडावी तर डोळे चुरचुरतात. आनंदीबाईंनी हिवाळ्यामागून हिवाळे याच पेचात काढले. दीडएक वर्षानंतर ताप आणि थकवा ही नित्याची बाब झाली आणि खोकला सुटेनासा झाला.

गंमत अशी, की घरातल्या हवेचा प्रश्न त्या काळच्या वैद्यकाला मुळीच अपरिचित नव्हता. क्रिमियन युद्धात सैनिकांची शुश्रूषा करून आलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा रोग्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखणे ही पहिली गोष्ट म्हणून सांगितली होती. म्युनिचच्या पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतल्या हवेचे मोजमापच सुचवले. माणसांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हजारात एका भागापेक्षा अधिक झाला, की ती हवा कोंदट समजावी, असा तो दंडक. दुर्गंधी आणि दूषित हवा यांतूनच रोग जन्मतात, ही समजूत त्या पिढीत दृढ होती. मग २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनला क्षयाचा जंतू दाखवला आणि जुनी समजूत मागे पडू लागली. आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्या यानंतर जेमतेम एका वर्षाने. म्हणजे वैद्यकाच्या दोन युगांच्या उंबरठ्यावर त्या शिकत होत्या. दुर्गंधीने रोग होतो हे जुन्यांचे निदान चुकीचे ठरले. परंतु खिडक्या उघडा, हवा खेळू द्या, हा त्यांचा उपाय मात्र खराच निघाला. क्षयाचे जंतू रोग्याच्या खोकण्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात; मोकळ्या हवेत ते विरळ होतात आणि सूर्यप्रकाशात मरतात.

अशा प्रकृतीने आनंदीबाईंनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. समारंभाला गोपाळराव हजर होते, आणि पंडिता रमाबाई मुद्दाम त्यासाठी अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. बंगालच्या कादंबिनी गांगुली यांनीही याच वर्षी डॉक्टरकीचे शिक्षण पुरे केले. भारतीय स्त्रीच्या इतिहासात १८८६ हे साल म्हणूनच सोन्याचे मानावे लागते. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. ज्या कामासाठी एवढा वनवास पत्करला, ते काम दारात येऊन उभे राहिले होते.

ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. स्वागत थाटात झाले, वृत्तपत्रांनी गौरव केला, पण कोल्हापूरला जाऊन एकाही स्त्रीची नाडी त्यांना पाहता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर कमी होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. आपल्या मराठी मुलीचे स्मारक तिथे आजही आहे.

त्या खोलीने आनंदीबाईंचा बळी घेतला, असे विधान करायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. क्षय जंतूंमुळे होतो, धुरामुळे नाही. आणि ताप व धाप यांचा त्रास तर त्यांना कलकत्त्यापासूनच होता. परंतु धूर निर्दोष सुटतो असेही नाही. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. धुरातले सूक्ष्म कण या पहारेकऱ्यांना दुबळे करतात. श्वासनलिकेतला मळ वर ढकलणारी लव सुस्तावते. कोंदट हवा, थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी आधीच खचलेल्या देहाला रोज रात्री धूर पाजणे म्हणजे शत्रूला दार उघडून देणे होय. आनंदीबाईंच्या मृत्यूची कारणे अनेक असतील. त्यांत टाळता येण्याजोगे जे होते, त्यात हे एक निश्चित होते. धुराडे दुरुस्त करणे हे काही समुद्र ओलांडण्याइतके अवघड काम नव्हते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत, तसेच सपाटीवरच्याही अनेक वस्त्यांत, घराच्या एकाच मोठ्या खणात चूल, अंथरूण, धान्याच्या कणग्या आणि कोपऱ्यात शेळ्या-गुरे असा संसार असतो. कुडाच्या भिंतीला खिडकी नसते. धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जातो. पावसाळ्यात लाकडे ओली, सातपुड्यातल्या हिवाळ्यात दार लावल्याशिवाय झोप नाही. म्हणजे १८८३ साली फिलाडेल्फियात एका मुलीपुढे जी निवड होती, तीच इथल्या आई-बहिणींपुढे दरवर्षी येते. धूर की थंडी? फरक इतकाच, की आनंदीबाईंची धुराशी गाठ तीन हिवाळ्यांची होती. इथे ती जन्मापासून मरणापर्यंतची आहे.

हा प्रश्न जगाच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली मगन चूल तयार झाली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच सुमारास गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासातला धूर शास्त्रज्ञांनी प्रथम मोजला आणि तो थक्क करणारा निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. लहान मुलांचा न्यूमोनिया, दम्यासारखे फुप्फुसाचे जुने विकार, हृदयविकार आणि पक्षाघात ही त्यांतली मुख्य कारणे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅस आला. पण सिलिंडर पुन्हा भरायचा तर पैसा लागतो, आणि दूरच्या पाड्यावर तो पोचायला रस्ताही लागतो. म्हणून गॅसच्या शेजारी चूल पेटतच राहते. आणि सुधारित चुलीचेही धुराडे वर्षानुवर्षे साफ केले नाही, की ती चूल आनंदीबाईंच्या शेकोटीसारखीच उलटा धूर ओकू लागते.

शहरात राहणाऱ्यांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. शिक्षणासाठी नंदुरबारात, शहाद्यात, तळोद्यात भाड्याच्या खोल्यांत राहणारे आपले कितीतरी मित्र एकाच खोलीत स्वयंपाक करतात, ओले कपडे वाळत घालतात आणि रात्री दार-खिडकी लावून डासांची अगरबत्ती पेटवून झोपतात. अशी एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. खोलीत ओलीचा कुबट वास सुटला की आपण उदबत्ती लावतो. त्याने वास झाकला जातो, ओल तशीच राहते. भिंतीवरची बुरशी वाढते आणि उदबत्तीच्या धुराची भर पडते ती वेगळीच. मिरचीच्या हंगामात शहराभोवतालच्या पथाऱ्यांवरून वारा आला की आपल्याला ठसका लागतो आणि आपण लगेच नाकाला रुमाल लावतो. पण पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईला तो ठसका जाणवेनासा होतो. नाकाचा हा गुणच आहे. एकच वास सतत येत राहिला, की थोड्या वेळाने नाक त्याची वर्दी देणे सोडून देते. आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तो यामुळे. आणि कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासच नसतो; बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत ती त्यामुळेच.

यातले उपाय ऐकायला अगदी साधे वाटतील. चुलीच्या वर आणि समोरच्या भिंतीत, अशा दोन ठिकाणी हवेला वाट ठेवावी. एका खिडकीने हवा खेळत नाही, आत येण्याला आणि बाहेर जाण्याला वेगळी वाट लागते. सरपण पावसाळ्यापूर्वी वाळवून आडोशाला रचावे. धुराड्यातली काजळी दरसाल काढावी. तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून चुलीपुढे बसू नये. ओलीचा वास आला तर आधी पाणी कुठून मुरते ते शोधावे. निखाऱ्याची शेगडी रात्री खोलीत ठेवू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधही मोफत मिळते, आणि आनंदीबाईंच्या काळी असाध्य असलेला क्षय आज पुरते औषध घेतल्यास बरा होतो.

मित्रमैत्रिणींनो, आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्या हातून औषधोपचार व्हायचे नाहीत. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण पाड्यांवरून आलेले आहेत, घरी जाऊन आईशी तिच्या बोलीत बोलू शकणारे आहेत. भिलोरी, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी या बोलींत धुराविषयी जे सांगता येईल, ते सरकारी पत्रकाला कधीच सांगता येणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर दहा घरांची धुराडी साफ केली, दहा कुडांना झरोके पाडले, तर ते काम कमी मोलाचे ठरणार नाही.

आनंदीबाई परत येऊन करणार होत्या ते काम हेच होते. पुरुष डॉक्टरपुढे न येणाऱ्या, घराच्या आतल्या खोलीत मुकाट सोसणाऱ्या स्त्रीपर्यंत त्यांना पोचायचे होते. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. आपल्या घरातल्या चुलीपुढची स्त्री मात्र अजून तिथेच, डोळे पुशीत, फुंकणीने जाळ फुलवीत बसलेली आहे. आनंदीबाईंची पुण्यतिथी २६ फेब्रुवारीला येते, म्हणजे ऐन आपल्या वार्षिक परीक्षांच्या तोंडावर. त्या दिवशी तसबिरीला हार घालायला सवड झाली नाही तरी चालेल. घरातली एक बंद खिडकी तेवढी उघडावी.